पाव आटा

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच भाचीचा फोन आला. "मामा, पैसे जमले. दोन ट्रक फायनल केलेत. फोटो पाठवलेत, तू फक्त कुठला घेऊ तेवढं सांग."

ती अकरावीला आहे. गेली दोन वर्षं रविवारी सकाळी ती माझ्याबरोबर नाशिकला मखमलाबादच्या पुढे येते. तिथे माझ्या एका मित्राच्या द्राक्षबागेला लागून मुरमाड जमिनीचा पडीक तुकडा आहे. एका बाजूला बाभळी, दुसऱ्या बाजूला पाटाचा बांध. तिथे मी माझा नायट्रो ट्रक चालवतो, म्हणजे रिमोटवर पळणारा, खऱ्या छोट्या इंजिनाचा खेळण्यातला ट्रक. सुरुवातीला ती नुसती बांधावर बसून बघायची. मग इंधनाची बाटली धरायला लागली, मग प्लग खोलायला. एकदा मी रिमोट तिच्या हातात दिला, आणि तेव्हापासून रविवारी ती माझ्याआधी उठून तयार असते. आता तिला स्वतःचा ट्रक हवा होता.

फोटो उघडले. पहिला ट्रक आठव्या स्केलचा, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक-अष्टमांश मापाचा. ४.६ सीसीचं इंजिन, सोललेल्या नारळाएवढी चाकं. दुसऱ्या शहरातल्या कुणीतरी वापरून विकायला काढलेला. दुसरा दहाव्या स्केलचा, ३ सीसीचा, खोक्यातला नवा कोरा. किंमत जवळपास सारखीच. खाली तिचा मेसेज होता: "त्याच पैशात मोठा मिळतोय. मग मोठाच घ्यावा ना?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. बारा वर्षांपूर्वी मलाही हाच प्रश्न पडला होता, आणि मी मोठा घेतला होता.

संध्याकाळी इंदिरानगरला तिच्या घरी गेलो. म्हटलं, ट्रकचं नंतर बघू, आधी मला एक सांग. तुला गाडी चालवायचीय, की इंजिन जमवायचंय?

नायट्रो घ्यायचाय म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी विचारतो. नुसतं चालवायचं असेल, तर बॅटरीवरची गाडी घ्यावी. ब्रशलेस मोटर, लिपो बॅटरी, बटण दाबलं की निघाली. धूर नाही, तेलकटपणा नाही, शेजाऱ्यांची तक्रार नाही, आणि वेगात आज ती नायट्रोला सहज मागे टाकते. नायट्रोची ७५ सीसीची टाकी भरली की गाडी जेमतेम दहा मिनिटं पळते. त्या दहा मिनिटांसाठी आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास द्यावा लागतो. एअर फिल्टरचा स्पंज धुऊन तेलात भिजवायचा, प्लग बघायचा, चाकांचे नट आवळायचे, शेवटी सगळं पुसून इंजिनात तेल सोडायचं. हा तास ज्याला भुर्दंड वाटतो, त्याने पैसे घालवू नयेत. ज्याला तोच तास हवासा वाटतो, त्याच्यासाठी ही गाडी आहे.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मला तो आवाज बसवता यायला पाहिजे. तू बसवतोस तसा."

आवाज बसवणं हा शब्द तिचा. मला तो फार आवडला, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे.

या इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. जुन्या स्कूटरसारखं टू-स्ट्रोक इंजिन, पण आकाराने काडेपेटीहून थोडंच मोठं, आणि ठिणगीच्या जागी ग्लो प्लग. त्याच्या पोटात प्लॅटिनम असलेल्या तारेची बारीक गुंडाळी असते. सुरू करताना दीड व्होल्टचा सेल लावून ती तार लाल करायची. इंजिनाने पकड घेतली की सेल काढून घ्यायचा. तार विझत नाही. मिथेनॉलची वाफ तापल्या प्लॅटिनमला लागली की तिथेच जळते, तार तापती राहते आणि पुढचा स्फोट तिच्यावरच होतो. मिनिटाला तीस-तीस हजार फेरे होतात, तेही बाहेरून विजेचा एक थेंब न घेता. मी हे पहिल्यांदा समजून घेतलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

म्हणूनच यात पंपावरचं पेट्रोल चालत नाही. "टू-टी टाक आणि पेट्रोल भर" असा सल्ला मैदानावर हमखास मिळतो. पण तारेवरची ही करामत मिथेनॉलची आहे. याचं इंधन तीन गोष्टींचं असतं: मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. डब्यावर १६, २० किंवा २५ टक्के लिहिलेलं असतं ते नायट्रोमिथेनचं प्रमाण. पेट्रोलचा एक भाग जाळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. मिथेनॉलला साडेसहाच्या आतबाहेर. नायट्रोमिथेनला अवघी १.७, कारण त्याचा बराचसा प्राणवायू त्याच्या रेणूतच असतो. त्यामुळे तेवढ्याच सिलिंडरात कितीतरी जास्त इंधन जाळता येतं. काडेपेटीएवढ्या इंजिनात एवढी ताकद येते ती इथून. नवशिक्याला १६ किंवा २० टक्के पुरेसं. ट्रकच्या माहितीपुस्तिकेत जे लिहिलंय तेच भरावं आणि शेवटपर्यंत तेच ठेवावं.

पण मी भाचीला सगळ्यात जास्त वेळ समजावलं ते तेलाबद्दल. या इंजिनात वेगळं ऑइल नसतं. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, सगळ्यांना जे काही तेल मिळतं ते इंधनातून. कार्ब्युरेटरची सुई घट्ट केली की इंधन कमी जातं. हवेच्या मानाने मिश्रण हलकं होतं, इंजिन तडफेने पळतं, आवाज चढतो, बघणारे वाहवा करतात. त्याच वेळी आत जाणारं तेलही कमी झालेलं असतं. इंजिन सर्वात छान पळतं त्याच्या थोडंसं पुढे गेलं की ते कोरडं पडायला लागतं. आणि हे डोळ्यांना दिसत नाही. मागे सुटणारी धुराची निळसर रेघ विरळ होते आणि आवाजातला घोगरेपणा जाऊन तो चिरका होतो, एवढीच खूण. कान तयार नसेल तर ती खूण कळेपर्यंत पिस्टन बसलेला, म्हणजे जाम झालेला असतो.

माझा बसला होता.

तो मोठा ट्रक मीही जुनाच घेतला होता. विकणारा म्हणाला, फक्त दोन टाक्या चालवलाय. घरी आणला, दोरी ओढली, सुरू होईना. प्लग बदलला, इंधन बदललं, दोरी ओढून ओढून हाताला फोड आले. शेवटी बाबा बाहेर आले.

बाबांचं सगळं आयुष्य सातपूरला डिझेल इंजिनांच्या नोझल बनवण्यात गेलं. कुठल्या कंपनीत हे नाशिककराला सांगायला नको, अख्ख्या चौकाला तिचं नाव आहे. नोझलची बॉडी आणि आतली सुई यांच्यामध्ये जी फट असते ती मायक्रॉनमध्ये मोजतात, आणि एकदा जमवलेली जोडी कधी फोडत नाहीत. या बॉडीची सुई त्या बॉडीत गेली तर दोन्ही वाया. बाबांनी माझ्या ट्रकचं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या दांड्यावरचं चाक, बोटाने हळूच फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग म्हणाले, "जोडी गेलीय हिची."

मला तेव्हा कळलं नाही. या इंजिनांत पिस्टनला रिंग नसते. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, भोवतीची स्लीव्ह पितळेची आणि आतून क्रोमचा मुलामा. ही स्लीव्ह वरच्या टोकाला जराशी निमुळती केलेली असते. इंजिन थंड असताना पिस्टन वर पोचला की तिथे आवळला जातो, बोटाला स्पष्ट अडकतो, जोर लावला की टक्कन सुटतो. इंजिन तापलं की स्लीव्ह फुगते आणि दोघं मापात येतात. म्हणजे ही अडकण नव्या इंजिनाचा दोष नव्हे, तो त्याचा जीव आहे. माझ्या ट्रकचं फ्लायव्हील लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरत होतं. वरून मागच्या बेअरिंगला गंज. आधीच्या मालकाने टाकीत इंधन तसंच ठेवून ट्रक माळ्यावर टाकला असणार. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि मग उरलेला अंश पोलाद खात बसतो.

मी पिस्टन-स्लीव्हची नवी जोडी मागवली, बेअरिंग बदलली, पावसाळा त्यात गेला. दसऱ्याला ट्रक धावला. पाचव्या टाकीला मी सुई अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा, घट्ट केली, कारण मला तो बाणासारखा जाताना बघायचा होता. एक मिनिटभर गेलाही तसा. मग एकदम गप्प झाला. फ्लायव्हील हलेना. ज्या आवाजाला मी खूश झालो होतो, तो इंजिनाचा शेवटचा आवाज होता.

त्याच ट्रकचा आणखी एक प्रसंग आहे. तो भाचीला सांगू की नको असं झालं होतं, पण सांगितला. दुसऱ्यांदा इंजिन उभं केल्यावर एका रविवारी गाडी जोरात असतानाच तिच्यातल्या, रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या रिसीव्हरचे सेल संपले. थ्रॉटल उघडा होता तसाच राहिला. पाच किलोच्या आसपासचं वजन, पूर्ण वेगात, आणि माझ्या हातातल्या रिमोटला काही अर्थ उरलेला नाही. बांधाकडे बागेतल्या गड्याचा चार-पाच वर्षांचा मुलगा उभा होता. ट्रक त्याच्यापासून दहा फुटांवरून गेला आणि पाटात कोसळला. मुलगा हसत होता. मी तिथेच खाली बसलो. पुढचे दोन महिने मी गाडीला हात लावला नाही.

म्हणून आता पहिला ट्रक घेणाऱ्याला मी इंजिनाच्या आधी तीन गोष्टी विचारतो. रिमोट २.४ गिगाहर्ट्‌झचा आहे का आणि त्यात फेलसेफ आहे का, म्हणजे सिग्नल तुटला तर गाडी आपणहून ब्रेकवर जाते का? कार्ब्युरेटरच्या दांडीला मागे ओढणारी स्प्रिंग आहे का, सेल मेले तरी थ्रॉटल बंद करणारी? रिसीव्हरला साध्या सेलऐवजी चार्जिंगचा पॅक लावता येतो का? फेलसेफ दिलेला असतो, पण बहुतेकांनी तो कधी बसवून पाहिलेला नसतो. चाकं हवेत ठेवून रिमोट बंद करायचा आणि ब्रेक लागतोय हे डोळ्यांनी बघायचं. दर रविवारी. कंटाळा आला तरी.

बोलता बोलता भाचीने जुन्या ट्रकचे फोटो मोठे करून बघायला घेतले होते. मी तिला काही सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "मामा, हे स्क्रू असे गोल का झालेत?"

मी फोन हातात घेतला. इंजिनाच्या डोक्यावरचे चार स्क्रू, षटकोनी खाचेचे. चारपैकी तिघांच्या खाचा झिजून वाटोळ्या झालेल्या. म्हणजे कुणीतरी चुकीच्या मापाची चावी घालून, घाईत, पुन्हा पुन्हा ते डोकं खोललं होतं. दोन टाक्या चाललेल्या इंजिनाचं डोकं कुणी तीनदा खोलत नाही. आणखी एका फोटोत क्लच बेलच्या दात्यांना झिजून धार आलेली दिसत होती. बाकी ट्रक चकचकीत, नवी बॉडी, नवे स्टिकर. पण तिचं बोट बरोबर जागी पडलं होतं. आजोबांची नात, दुसरं काय.

जुना ट्रक घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. समोर उभं राहून बघता येत असेल, फ्लायव्हील फिरवून ती वरची अडकण बोटाला लागत असेल, बेअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा नसेल, मालक आपल्यासमोर थंड इंजिन सुरू करून दाखवायला तयार असेल, तर जरूर घ्यावा. पण पहिला नको. आधीच्या माणसाने त्या इंजिनाच्या पहिल्या अर्ध्या लिटर इंधनात काय केलं, हे आपल्याला कधीच कळत नाही. आणि नवशिक्याला आवाज बिघडला तर तो आपल्या हातून बिघडला की मुळातच बिघडलेला होता, हेही कळत नाही. शिकणाऱ्याला चूक आपली आहे एवढी तरी खात्री हवी.

मग मोठा-छोट्याचा प्रश्न. इंजिनांची मापं पाहून पोरं गोंधळतात, कारण १५, १८, २१, २८ असे आकडे असतात. हे घन इंचाचे शंभरावे भाग. १५ म्हणजे साधारण २.५ सीसी, १८ म्हणजे ३, २१ म्हणजे साडेतीनच्या जवळ, २८ म्हणजे ४.६. मोठं इंजिन तेवढ्याच वेळात जास्त इंधन पितं, मोठी चाकं आणि जड गाडी ओढतं, आणि उलटलं की मोडतंही मोठं. आर्म, एक्सल, स्पर गिअर, सगळे तुकडे महाग. १५ किंवा १८ चं इंजिन, दहाव्या स्केलचा, चारही चाकांना ताकद जाणारा मॉन्स्टर ट्रक, हे माझं उत्तर. मागच्याच दोन चाकांवर चालणारे स्टेडियम ट्रक हलके आणि स्वस्त असतात, सपाट मातीवर मजा देतात. पण आपल्याकडची जमीन तशी नाही. काळ्या मातीची ढेकळं, मुरूम, मधूनच डोकं काढलेला काळा दगड. पोट उंच असलेली, चारही पायांनी ओढणारी गाडीच इथे चालते. ट्रॅक्ससचा टी-मॅक्स १९९९ मध्ये आला तेव्हा त्याने नेमकं हेच रूप घराघरांत नेलं: दहावं स्केल, चार चाकांची ओढ, छोटं इंजिन, आणि रिमोटवरूनच रिव्हर्स.

सुरू करायला दोरीचा पुल स्टार्ट पुरतो. फक्त दोरी पूर्ण खेचायची नाही, छोटे छोटे झटके द्यायचे. दोरी अडकली तर जोर लावायचा नाही. आत इंधन साचलेलं असतं. प्लग काढायचा, इंजिन उलटं धरायचं, दोन झटके देऊन ते बाहेर काढायचं. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने कनेक्टिंग रॉड वाकलेले मी पाहिलेत.

आणि सुटे भाग. ज्याच्याकडून ट्रक घेणार त्याला ट्रकचा भाव विचारण्याआधी स्पर गिअर, पुढचा आर्म, क्लच शू आणि ग्लो प्लग आहेत का हे विचारावं. चारांपैकी दोन गोष्टी नसतील तर तो ट्रक कितीही देखणा असो, दुसऱ्या महिन्यात शोकेसमध्ये बसतो. इंधनाचंही तेच. ज्वालाग्राही असल्यामुळे ते विमानाच्या पार्सलने येत नाही, रस्त्यानेच यावं लागतं. तेव्हा ते कुठून आणि किती दिवसांत मिळणार, हे आधी पक्कं करायचं. घरी मिथेनॉल आणून मिसळण्याचा विचारसुद्धा करू नये. ते विष आहे, थोडंसं पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते. आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. डबा कुलपात, भरताना हातमोजे, इंजिन बंद असताना. हे मी तिच्या आईसमोर सांगितलं, मुद्दाम.

ट्रक डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आला. छोटा, नवा. त्या दिवसांत नाशिकला कसली थंडी असते ते सांगायला नको. निफाडचा आकडा रोज पेपरात असतो. रविवारी सात वाजता आम्ही बागेशेजारी पोचलो तेव्हा द्राक्षांच्या पानांवर दव होतं आणि भाचीच्या तोंडातून वाफ निघत होती. या खेपेला बाबाही आले होते, मफलर आणि कानटोपी घालून, घडीच्या खुर्चीवर.

थंडीत नवं इंजिन सुरू करणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. अडकण सर्वात जास्त तेव्हाच असते. मी घरून थर्मासमध्ये उकळतं पाणी आणलं होतं. फडकं त्यात पिळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून इंजिनाच्या डोक्याला शेक दिला. बाबा म्हणाले, "गुडघ्याला देतात तसा." पाचेक मिनिटांनी फ्लायव्हील बोटाने फिरलं. मग डोक्याच्या पाकळ्यांवर अर्ध्या भागाला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळली, पोळीच्या डब्यातली, म्हणजे गार वाऱ्याने ते निवणार नाही. थंड हवा दाट असते. तिच्यात प्राणवायू जास्त, म्हणून इंधनही जास्त द्यावं लागतं. पहाटे सुई थोडी सैल, उन्हं चढल्यावर थोडी घट्ट. गावागावातही फरक पडतो. मुंबईत जमवलेली गाडी कसारा घाट चढून आपल्या सहाशे मीटरच्या आसपास आली की हवा विरळ होते, मिश्रण जड पडतं, आणि ती इथे गुळण्या करायला लागते. माझा मुंबईचा एक मित्र दर वेळी आल्यावर आधी सुई फिरवतो, मग मिसळ खातो.

पहिली टाकी ट्रक विटांवर ठेवून. चाकं हवेत. तिने सेल लावला, तीन झटके दिले, चौथ्याला इंजिनाने पकड घेतली. दाट पांढरा धूर, सायलेन्सरमधून काळपट तेलाचे थेंब, आणि आवाज अगदी घोगरा, घशात पाणी धरून बोलावं तसा. तिचा चेहरा पडला. "मामा, हा तर बिघडलाय." म्हटलं, नाही, आज त्याने असंच बोलायला हवं. पहिल्या टाक्यांना त्याला भरपूर तेल मिळू दे. पिस्टन आणि स्लीव्ह एकमेकांना ओळखतायत.

टाकी संपत आली तसं तिने इंधनाची नळी चिमटीत धरून इंजिन बंद केलं. मग वीस मिनिटं थांबायचं. हे थांबणं अवघड असतं, विशेषतः सोळाव्या वर्षी. तेवढ्यात मित्राच्या घरून चहा आला. दुसरी टाकी, पुन्हा थांबणं. तिसऱ्या टाकीपासून जमिनीवर, हळू, मोठे वळसे. मध्ये एकदा तिने डोक्यावर पाण्याचा थेंब टाकला. थेंब तिथेच बसून राहिला. थर्मामीटर माझ्या खिशात होता, टूलरूममधला, पण तो मी काढला नाही. "भाकरीचा तवा आठव," म्हटलं. "थेंब नुसता बसला तर तवा गार. टाकल्या टाकल्या उडाला तर जास्त तापलाय. तीन-चार सेकंद चरचरला की बरोबर." हे तिला एका क्षणात कळलं, आणि मला कळायला बारा वर्षांपूर्वी दोन पिस्टन लागले होते. नंतर खात्रीसाठी थर्मामीटर लावला. ९० ते १२० अंश सेल्सियसमध्ये डोकं राहिलं पाहिजे, आणि ते अजून ८० वर होतं. फॉइल पूर्ण गुंडाळली.

पाचव्या टाकीला उन्हं बांधावर आली होती. मी म्हटलं, आता तू. मुख्य सुई, उजवीकडे.

तिने बारीक स्क्रू ड्रायव्हर लावला. "किती?"

"पाव आटासुद्धा नको. त्याच्या निम्मा."

तिने फिरवलं, ट्रक सोडला, एक लांब वळसा घेतला. कान तिरका करून ऐकत होती. परत आणला, पुन्हा तेवढाच फिरवला. पुन्हा वळसा. आवाजातल्या गुळण्या गेल्या, पण घोगरेपणा होता, धुराची निळी रेघ बाभळीपर्यंत जाऊन वाऱ्यावर तुटत होती. ट्रक पहिल्यांदा खरोखर पळला. बांधाजवळ वळताना त्याची पुढची चाकं उचलली गेली आणि मित्राच्या बागेतली दोन माणसं छाटणीची कात्री हातात घेऊन बघत उभी राहिली. मी गप्प होतो. माझ्या मनात आलं होतं, आता ती आणखी एकदा फिरवेल. माझ्या हातून इथेच चूक झाली होती, एवढाच सुंदर आवाज असताना.

ती ट्रक घेऊन आली. स्क्रू ड्रायव्हर हातात होता. इंजिन चालू ठेवून तिने डोक्यावर थेंब टाकला, तो चरचरत संपला. धुराकडे बघितलं. आजोबांकडे बघितलं. बाबांच्या कानांना आता फारसं ऐकू येत नाही, यंत्रांजवळ पस्तीस वर्षं काढलीत त्यांनी. ते खुर्चीतून उठले, वाकले आणि चॅसिसवर दोन बोटं टेकवली, इंजिनाच्या मागे, जिथे थरथर सगळ्यात जास्त लागते. तशीच ठेवली काही वेळ.

"राहू दे," म्हणाले.

तिने स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला.

टाकी रिकामी झाली. उरलेले थेंब तिने इंजिन चालवूनच संपवले, मग प्लग काढून आत आफ्टर-रन ऑइलचे चार थेंब सोडले आणि दोरीला हलके झटके दिले. शेवटचं काम राहिलं होतं. गरम पिस्टन वरच्या निमुळत्या भागात असताना इंजिन निवलं, तर स्लीव्ह आवळत येते आणि दोघांची जोडी ताणली जाते. म्हणून निवण्याआधी पिस्टन तळाला आणून ठेवायचा. तो तळाला आलाय हे बाहेरून कसं कळणार, असं तिने आदल्या रात्रीच फोनवर विचारलं होतं. मी म्हटलं होतं, फ्लायव्हीलवर खूण कर, मार्करने.

मार्करची खूण इंधनाने पुसली जाते, हे तिचं तिनेच ओळखलं असावं. तिने फ्लायव्हील अंगठ्याने हळूहळू फिरवलं. कडेवर एक लाल ठिपका होता, तिच्या आईच्या नेलपॉलिशचा, व्यवस्थित गोल. तो खाली आल्यावर ती थांबली.

"आला," म्हणाली, आणि ट्रक फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतला.